हस्तलिखित सातबाऱ्यावर १.६२, ऑनलाइनवर १.२६ : कलम १५५ चा अर्ज करायचा की अपील?

द्राक्षपट्टा :
नाशिक जिल्ह्यातला एक गट आहे. लागवडयोग्य क्षेत्र ३ हेक्टर २४ आर, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) ८ आर. खाती दोन. हस्तलिखित सातबाऱ्यावर दोन्ही खात्यांना १.६२ हेक्टर असं सरळ लिहिलंय. संगणकीकृत सातबाऱ्यावर पहिल्या खात्याला १.२६ लागलंय, दुसरं बरोबर आहे.

त्याच पहिल्या खात्यात आणखी दोन गोष्टी आहेत. १९९८ च्या वारस फेरफाराने (फेरफार म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) दोन भाऊ आणि एक बहीण अशी तिघांची नावं लागली होती. ऑनलाइन सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नाही. शिवाय सोसायटीचं कर्ज केव्हाच फिटलं, तरी त्याचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तसाच दिसतो.

पोर्टलवरून १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढायला गेलं तर या गटाचा उतारा निघत नाही, तलाठ्याला भेटा असा संदेश येतो. बँक छाटणीच्या आधी पीककर्जाचे कागद मागतेय. तिन्ही दुरुस्त्या एकाच अर्जात मागाव्यात का? अर्ज कोणाकडे आणि कोणत्या कलमाखाली? दुरुस्ती झाल्यावर ऑनलाइन उतारा कोर्टात चालतो का?

गाव_नमुना_सहा :
एकाच अर्जात मुळीच मागू नका. तिन्ही चुकांचं मूळ वेगळं आहे, आणि बहिणीच्या नावाला हरकत आली की क्षेत्राचं आणि बोजाचं कामही त्याच फाइलीत अडकून पडेल. तीन स्वतंत्र अर्ज करा.

आधी क्षेत्राचं बघू. १.६२ आणि १.२६ मधला फरक ३६ आर. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, जमाखर्च तपासणारे हीच खूण बघतात. म्हणजे ही डेटा एन्ट्रीतली चूक दिसते, हक्काचा वाद नाही. उतारा का निघत नाही तेही यातच आहे. प्रणाली खात्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी ताडून बघते. १.२६ आणि १.६२ मिळून २.८८ होतात, गटावर ३.२४ आहे. अशी विसंगती असलेला गट दुरुस्त होईपर्यंत डिजिटल स्वाक्षरीला जात नाही. २०१७ च्या चावडी वाचनात (गावात सातबारे जाहीर वाचून ताडून बघणं) अशा चुका निघायला हव्या होत्या, पण ज्यांनी तेव्हा ताडून पाहिलं नाही त्यांच्या तशाच राहिल्या.

यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १५५. अर्ज तहसीलदारांकडे. ई-हक्क या ऑनलाइन अर्जाच्या पोर्टलवरही हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यातल्या तफावतीचा अर्ज करता येतो, तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जातो (तलाठ्याचं पदनाम आता हे आहे), पण अंतिम आदेश तहसीलदारांचाच लागतो.

सोबत जोडायचं :
बंद झालेल्या हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल, शेवटच्या वर्षाची आणि त्याआधीच्या एखाद्या वर्षाचीही. एकाच वर्षाची दिली तर ‘त्या वर्षी लिहितानाच चूक झाली असेल’ असा शेरा येतो.
आजचा संगणकीकृत सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा).
क्षेत्र ज्या फेरफाराने ठरलं त्याची नक्कल. हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात लिहिलेला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक.
आकारबंदाचा (भूमी अभिलेखकडची गटवार क्षेत्र आणि आकारणीची नोंद) उतारा. गटाचं एकूण क्षेत्रच आकारबंदाशी जुळत नसेल तर प्रश्न भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे जातो आणि १५५ चा अर्ज तिथेच थांबतो. म्हणून हे आधी बघून घ्या.

नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळतात. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही आलेत. आधी तिथे शोधा, निदान फेरफार क्रमांक तरी हाती लागतो.

पुढचा क्रम असा : ग्राम महसूल अधिकाऱ्याचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्याचा अभिप्राय, दुसऱ्या खातेदाराला नोटीस, तहसीलदारांचा आदेश. मग त्या आदेशावरून ई-फेरफार या महसूल खात्याच्या संगणक प्रणालीत नोंद आणि मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण. काम सर्वांत जास्त अडतं ते आदेश हाती आल्यानंतर, कारण आदेश मोघम असतो. ‘क्षेत्र दुरुस्त करण्यात यावे’ एवढंच लिहिलं असेल तर नोंद घेणारा अडतो, किंवा भलत्याच खात्यात बदल करतो. आदेशात गट क्रमांक, खाते क्रमांक, आजची चुकीची नोंद, हवी असलेली नोंद, कोणत्या वर्षाच्या हस्तलिखितावरून आणि कोणत्या फेरफारावरून, हे सगळं आलंच पाहिजे. क्षेत्रासोबत आकारणीही (शेतसाऱ्याची रक्कम) बदलते, तीही आदेशात हवी. तुमच्या अर्जातच हे कोष्टक करून दिलंत तर आदेशात तेच उतरतं.

बोजाचं काम सोपं. सोसायटीकडून बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घ्या, ई-हक्कवर ‘बोजा कमी करणे’ हा वेगळा प्रकार आहे. यात १५५ चा काही संबंध नाही, हा नेहमीचा फेरफार आहे.

मेहेर_सिग्नल :
वरच्या उत्तराशी सहमत. बहिणीच्या नावाबद्दल मात्र सावध राहा.

कलम १५५ फक्त लेखनप्रमाद (लिहिताना किंवा नोंद भरताना झालेली चूक) आणि संबंधितांनी मान्य केलेल्या चुकांपुरतं आहे. महसूल अधिकाऱ्याला तपासणीत चूक दिसली तरी नोटीस देऊन आणि हरकती निकाली काढूनच ती सुधारता येते. या कलमाखाली एखाद्याचा हक्क नव्याने देता येत नाही, काढूनही घेता येत नाही. तसे आदेश अपिलात टिकत नाहीत आणि मधली दोन-तीन वर्षं वाया जातात.

म्हणून आधी बहिणीचं नाव नक्की कुठे गेलं ते शोधा. शक्यता दोन आहेत. १९९८ चा फेरफार प्रमाणित झाला, हस्तलिखितावर नाव चढलं आणि संगणकात भरताना सुटलं : हा लेखनप्रमाद, कलम १५५ लागू. नंतरच्या एखाद्या फेरफाराने नाव कमी झालं : मग १५५ चालणार नाही, त्या फेरफाराविरुद्ध कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील. मुदत ६० दिवस, ती उलटली असेल तर कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज सोबत.

हे ओळखायला हस्तलिखितावरचे कंस बघा. जुन्या पद्धतीत नाव कमी करताना ते खोडत नसत, कंसात टाकत आणि शेजारी त्या फेरफाराचा क्रमांक लिहीत. कंस अस्पष्ट असला की डेटा भरणाऱ्याने चालू नाव कमी झालेलं धरलं, किंवा उलट, असं पुष्कळ ठिकाणी झालंय. कंस आहे पण त्याला फेरफार क्रमांकच नाही, तर तो कंस कशाच्या आधारावर आला हे विचारा. नाव कमी करायला आधार लागतोच.

‘बहिणीने हक्क सोडला’ असं कोणी म्हणालं तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. तलाठ्यासमोरच्या जबाबाने वारसाचा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

दुसरं, कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे संगणकात चुकलेली नोंदही आज ‘खरी’ धरली जाते आणि ती चुकीची आहे हे दाखवायचा भार बहिणीवर येतो. संगणकीकरणातली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच. चूक यंत्रणेची, आणि पुरावा गोळा करायचा त्या बाईने. तरी घाबरू नका : सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालय करतं. सातबाऱ्यावरून नाव सुटलं म्हणून वारसाचा हिस्सा जात नाही.

आता पुराव्याबद्दल. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावरचा विनामूल्य उतारा माहितीपुरता असतो, तो कोणत्याही शासकीय किंवा कायदेशीर कामासाठी जोडू नका. १५ रुपयांच्या डिजिटल उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी, क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असतो. ती पीडीएफ जशी उतरवली तशीच जपून ठेवा. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेल्या प्रतीत स्वाक्षरी उरत नाही, फक्त तिचं चित्र उरतं. संगणकावर उघडताना स्वाक्षरीजवळ पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर उतारा खोटा आहे असं नव्हे, तुमच्या संगणकाने भारतातल्या मूळ प्रमाणन संस्थेचं प्रमाणपत्र अजून विश्वासार्ह म्हणून घेतलेलं नाही. पोर्टलवर पडताळणी क्रमांक टाकून खात्री करा.

कोर्टात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब ऐवजी आता कलम ६३. इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबतच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा आणि फाइलीची हॅश किंमत (फाइलीवरून संगणकाने काढलेली ओळखखूण) लिहायची. प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात स्पष्ट केलं होतं. सातबाऱ्यापुरता सोपा मार्ग सांगतो : दाव्यात लावायचा उतारा सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल म्हणून घ्या. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल पुरावा म्हणून सरळ दाखल होते.

द्राक्षपट्टा :
खूप आभार. हस्तलिखितावर बहिणीचं नाव आहे आणि कंस नाही, आताच बघितलं. पण फेरफार रजिस्टरचं १९९८ चं ते पान फाटलेलं आहे. आणि एक भाऊ तोंडी म्हणतो की नाव लावू देणार नाही.

बहीण सुरगाणा तालुक्यात राहते, वय सत्तरच्या पुढे. ऑनलाइन सेवा केंद्रावर आधारला अंगठा लागत नाही म्हणून अर्ज घेतला नाही. आता काय?

पेठरोड :
अंगठा लागत नाही म्हणून अर्ज नाकारणं चूक आहे. शेतात आणि चुलीपुढे आयुष्य गेलेल्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. डोळ्याची बुबुळं, चेहरा, किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी हे पर्याय आहेत. मोबाइल जोडलेला नसेल तर आधी तेवढंच काम आधार केंद्रावर करून घ्या. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला अॅसिड हल्ल्यातल्या पीडित आणि अंध व्यक्तींच्या ई-केवायसीच्या प्रकरणात दिलाय.

मुळात या अर्जाला अंगठा लागतच नाही. १५५ चा अर्ज कागदावर लिहून तहसील कार्यालयात आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. वारसाच्या हक्काची खबर तर कलम १४९ प्रमाणे तोंडी किंवा लेखी देता येते, आणि तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची असते. ऑनलाइनच करा असं संहितेत कुठेही नाही. सहीऐवजी डाव्या हाताचा अंगठा, ओळखणाऱ्याची सही, चालतं.

केंद्रावरून काही भरलंच तर एक काळजी घ्या. मोबाइल क्रमांक कोणाचा टाकलाय ते बघा. केंद्रचालक स्वतःचा क्रमांक टाकतात, मग त्रुटीचा संदेश त्यांना जातो, तो बाईपर्यंत पोहोचत नाही, आणि मुदत संपली म्हणून अर्ज बंद होतो. सुरगाण्या-पेठेकडे रेंज नसते, म्हणून नात्यातल्या ज्याचा फोन रोज लागतो त्याचा क्रमांक द्या.

गाव_नमुना_सहा :
फाटलेल्या पानाबद्दल : फेरफार एकाच जागी नसतो. गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवही मागा, १९९८ च्या वारसांची नावं तिथे असतील. स्कॅन करताना ते पान शाबूत असू शकतं, आपले अभिलेखवर बघा. १९९८ नंतरचे सगळे हस्तलिखित सातबारे वर्षावर्षाने काढा, त्यावरच्या बहिणीच्या नावाजवळचा फेरफार क्रमांक हाच भक्कम धागा आहे. ८-अ मध्येही सामाईक खात्याची नावं असतात. आणि पान फाटलंय असं ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून लेखी घ्या, ‘उपलब्ध नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

मेहेर_सिग्नल :
कंस नाही म्हणजे पहिली शक्यता, चांगलं झालं. भावाने हरकत घेतली म्हणून लेखनप्रमाद आपोआप हक्काचा वाद होत नाही, पण तहसीलदारांना त्याचं ऐकावं लागेल. त्याने लेखी हरकत दिली तर कलम १५० प्रमाणे पोच द्यावी लागते आणि प्रकरण गाव नमुना सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. सुनावणीच्या तारखा ई-क्यूजे कोर्ट या महसुली सुनावण्यांच्या ऑनलाइन प्रणालीवर दिसतात, दर आठवड्याला बघा. नोटीस हाती पडेलच असं धरू नका.

दरम्यान भावाने जमीन विकली तर? ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गाव निवडून फेरफाराच्या नोटिसा बघत राहा. नोटिशीपासून हरकतीला १५ दिवस असतात. सातबाऱ्याच्या तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ रिकामी आहे की भरलेली, तेही दर वेळी वाचा. तिथे क्रमांक दिसला की त्याच दिवशी लेखी हरकत. विक्रीची हालचाल खरोखर दिसली तर महसुली प्रकरणाची वाट न बघता वाटपाचा दिवाणी दावा आणि मनाईचा अर्ज करा.

विलंबाबद्दल : बोजा कमी करण्याच्या अर्जाला लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ लागतो का, हे कार्यालयातल्या सेवांच्या फलकावर बघा. पदनिर्देशित अधिकारी, कालमर्यादा आणि अपिलीय अधिकारी तिथे लिहिणं बंधनकारक आहे. लागत असेल तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील. कसूर ठरली तर ५०० ते ५००० रुपये दंड होतो. १५५ चं काम अर्धन्यायिक (दोन्ही बाजू ऐकून आदेश देण्याचं), तिथे हा कायदा घेऊन जाऊ नका.

द्राक्षपट्टा :
क्षेत्र आणि बोजाचे अर्ज सोमवारी देतो, बहिणीचा अर्ज नकला आल्यावर. बँकेला तोवर काय दाखवू?

गाव_नमुना_सहा :
सही-शिक्क्याचा सातबारा, हस्तलिखिताची नक्कल आणि १५५ च्या अर्जाची पोच. आज १.२६ वर कर्ज घ्या. दुरुस्ती झाल्यावर नवा उतारा आणि ८-अ दोन्ही काढून बघा, उताऱ्यावरचा ‘शेवटचा फेरफार क्रमांक’ तुमच्या दुरुस्तीचाच आहे ना ते तपासा, मग वाढीव क्षेत्राची मर्यादा मागा.