भिगवणसाठी कोणती लेन्स?

पाणकावळा: निकॉन डी५६०० कॅमेरा आहे, सोबत १८-५५ मिमीची लेन्स. जानेवारीत भिगवणला, उजनी जलाशयाकाठी, रोहित (फ्लेमिंगो) टिपायचेत. ७०-३०० घेऊ की थेट १५०-६००?

उजनीकाठ: मी चार हिवाळे ७०-३०० वर काढले. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) लहान, त्यावर ३०० म्हणजे मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ४५० मिमीइतकी चौकट. थव्याला पुरते, एकट्या पक्ष्याच्या डोळ्याला नाही. १५०-६०० आधी भाड्याने आणा, दोनेक किलो वजन तासभर पेलून बघा. होडीत ट्रायपॉड नको, थरथर थेट कॅमेऱ्यात येते. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, तांदूळ भरा, होडीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद. आणि नावाड्याला थवा उठवायला सांगू नका, हात जोडून विनंती.

पाणकावळा: नाही सांगणार. पिशवी आजच शिवते. शनिवार-रविवार भाड्याने आणते.