उतारवयातील काउबॉयचे लग्न: १८९३ च्या वायोमिंगमध्ये हे कितपत शक्य होते?

मनस्विनी_क

मी एक दीर्घकथा लिहीत आहे. काळ १८९३ चा, ठिकाण अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील पावडर नदीचे खोरे. नायक ५४ वर्षांचा काउबॉय असून अमेरिकेतील उत्तर विरुद्ध दक्षिण हे यादवी युद्ध (१८६१-६५) संपल्यावर तो टेक्सासमधून गुरांच्या कळपांबरोबर उत्तरेकडे आला आणि इथेच राहिला. एक खोगीर आणि अंथरुणाची एक वळकटी, एवढीच त्याची मालमत्ता. नायिका ४७ वर्षांची विधवा आहे आणि तिने स्वतःच्या नावावर सरकारी जमीन घेतली आहे.

तो इतकी वर्षे एकटा का राहिला, याचे कारण मी आधी ‘त्याचा स्वभावच तसा’ असे लिहिले होते, पण पुन्हा वाचताना ते मलाच पटले नाही. शिवाय या दोघांनी भेटावे कशाच्या निमित्ताने आणि लग्न करायचे म्हटले तर आड काय यावे, हेही सुचत नाही. पिस्तुलांच्या चकमकी मला नको आहेत. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांनी साठी उलटल्यावर लग्न केले होते आणि त्या काळात त्यांच्या बोलण्यात हळूहळू आलेला मोकळेपणा मी जवळून पाहिला आहे. तोच मला या माणसात दाखवायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माळावरचा_वाटसरू

मनस्विनीताई, स्वभावाचे कारण आपण खोडलेत हे उत्तम झाले. या माणसांचे एकटेपण त्यांच्या रोजगारातूनच येत असे. काउबॉयला महिन्याला साधारण ३० ते ४० डॉलर मिळत. वसंतात वासरांना डाग देण्यापासून (म्हणजे तापल्या लोखंडाने मालकीची खूण उमटवण्यापासून) शरदात गुरे रेल्वेवर चढवण्यापर्यंत काम असे आणि हिवाळा आला की पुष्कळांना रजा दिली जाई. मग ही माणसे या रँचवरून (गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण जागेवरून) त्या रँचवर जात आणि पडेल ते काम करून जेवण मिळवत. बंकहाउस म्हणजे एकट्या पुरुषांना झोपायची जागा. बायको आणायची तर कुठे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच असे. त्यातून वायोमिंगमधील बडे मालक स्वतःची गुरे आणि स्वतःचा डाग बाळगणाऱ्या नोकराला कामावर ठेवत नसत, त्यामुळे चार गाई जमवून संसार मांडण्याची वाटही बंद होती. १८८३ मध्ये टेक्सासच्या उत्तर भागातील काउबॉयांनी ५० डॉलर पगारासाठी संप केला होता, तो फसला.

पुढे १८८६-८७ च्या हिवाळ्यात मोकळ्या माळावरची गुरे बर्फात अन्नावाचून इतक्या मोठ्या संख्येने मेली की अनेक कंपन्या बुडाल्या आणि उरलेल्यांनी चारा साठवायला व कुंपणे घालायला सुरुवात केली. जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट १८७४ मध्ये मिळाले होते. ही तार काउबॉयच्या लांबच्या प्रवासाची वैरीण ठरली हे सर्वांना ठाऊक आहे, पण आपल्या कथेच्या दृष्टीने तिची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. कुंपण आले तसे घर आले, आणि या माणसाच्या आयुष्यात प्रथमच असे कोणी आले जे आज जिथे आहे तिथेच पुढच्या महिन्यातही सापडेल. तेव्हा त्याला कुंपण दुरुस्तीच्या कामावर ठेवा. घोड्यावरून पडून पडून कंबर गेलेल्या जुन्या माणसाला असे काम मिळणे किंवा चकवॅगनवर, म्हणजे कळपाबरोबर फिरणाऱ्या स्वयंपाकाच्या गाडीवर, स्वयंपाक्याची जागा मिळणे अगदी स्वाभाविक होते. तिच्या हद्दीला लागून असलेली तार तुटली की त्याला तिथे जावेच लागेल; वेगळे निमित्त शोधण्याची गरज उरणार नाही.

दप्तर_आणि_दौत

मी कायद्याच्या बाजूने लिहितो, कारण आपल्याला हवा असलेला अडसर मला तिथे दिसतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार विधवेला किंवा २१ वर्षांवरील अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर १६० एकरांपर्यंत जमीन मागता येत असे. त्या जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसावी लागे आणि शेवटी दोन साक्षीदारांनी तसे शपथेवर सांगावे लागे, तेव्हा मालकी पक्की होई. पती-पत्नीचे घर एकच धरले जात असल्यामुळे दोघांनी दोन ठिकाणी राहून दोन दावे चालवणे शक्य नसे. एला वॉटसन आणि जिम ॲव्हरेल या वायोमिंगमधील वसाहतकऱ्यांनी १८८६ मध्ये लँडर येथे विवाहाचा परवाना मागितला, तरी पुढे लग्न उघड केले नाही, ते दोन्ही दावे राखण्यासाठीच, असे अनेक अभ्यासक मानतात. या दोघांना १८८९ च्या जुलैमध्ये गुरांच्या मालकांनी झाडाला फाशी दिले. आपल्या नायिकेला ही घटना माहीत असणारच.

याहून अवघड बाब पेन्शनची आहे. तिचा नवरा उत्तरेच्या सैन्यात असताना गेला असेल, तर साध्या सैनिकाची विधवा म्हणून तिला आधी महिना ८ डॉलर आणि १८८६ पासून १२ डॉलर मिळत असतील. पुनर्विवाह केला की हे पैसे कायमचे बंद होत. नायकाचे वय पाहता तो टेक्सासचा, म्हणजे युद्धात बहुधा दक्षिणेच्या बाजूने लढलेला. केंद्र सरकारकडून त्याला एक पैसाही मिळायचा नाही. हिवाळ्यात ज्याचा पगार थांबतो अशा माणसासाठी तिने बारमाही १२ डॉलर सोडायचे, आणि तेही ज्या सैन्याशी लढताना आपला नवरा गेला त्याच सैन्यातल्या माणसासाठी! चकमकीची आपल्याला खरोखरच गरज नाही.

एक सूचना करतो. १८९२ च्या एप्रिलमध्ये याच भागात, जॉन्सन परगण्यात, बड्या मालकांनी भाडोत्री बंदूकधारी आणून लहान वसाहतकऱ्यांवर चाल केली होती. त्यानंतर अवघ्या वर्षभरात बड्या रँचचा नोकर वसाहतकरी बाईच्या दारात घोडा बांधू लागला, तर मालकाच्या कानावर ते गेल्याशिवाय राहणार नाही.

सांजवेळ

उतारवयातील लग्नाचे गाजलेले उदाहरण चार्ल्स गुडनाइट यांचे आहे. चकवॅगन प्रथम बनवणारे म्हणून ते ओळखले जातात. त्यांची पत्नी मेरी ॲन १९२६ मध्ये वारली. त्याआधी आडनाव सारखे म्हणून कोरिन गुडनाइट या मोंटानातील तरुणीशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला होता. नाते काहीच नव्हते. ५ मार्च १९२७ रोजी, आपल्या ९१ व्या वाढदिवशी, त्यांनी तिच्याशी लग्न केले, तेव्हा ती २६ वर्षांची होती. मात्र ते रँचचे मालक होते, त्यामुळे हे उदाहरण आपल्या पगारी माणसाला लावू नये असे मला वाटते. मला अधिक जवळची वाटते ती एलिनॉर प्रूइट स्टुअर्ट. ती १९०९ मध्ये वायोमिंगमधील बर्न्टफोर्क येथे एका विधुर रँचमालकाकडे घर सांभाळायला गेली आणि काही आठवड्यांतच दोघांनी लग्न केले. गरज आधी उघडपणे बोलली जाई, माया मागून येई आणि त्यात कमीपणा कोणी मानत नसे. म्हणून आपल्या नायकाच्या तोंडी प्रेमाचे शब्द फार लवकर घालू नका. पंचवीस वर्षे गुरांशी आणि घोड्यांशी बोललेला माणूस आधी तिच्या विहिरीचा रहाट दुरुस्त करील.

मनस्विनी_क

आपणा तिघांचे मनापासून आभार. दप्तर यांनी सांगितलेल्या दोन साक्षीदारांनी माझी कथा सोडवली. तिने १८८८ मध्ये जमीन मागितली असे धरले, तर पाच वर्षे १८९३ मध्येच भरतात. दुसरा साक्षीदार तोच असेल. नोकरी जाणार हे ठाऊक असताना तो जमीन कार्यालयात उभा राहील आणि ती बाई तिथे खरोखर राहते हे तुम्हाला कसे माहीत, असे अधिकाऱ्याने विचारल्यावर पाच हिवाळे कुंपणावरून रोज पाहिलेला तिच्या धुराड्याचा धूर तो सांगू लागेल: कोणत्या दिवशी तो उशिरा निघाला, कोणत्या दिवशी निघालाच नाही, आणि त्या दिवशी आपण घोडा कसा वळवला. ती शेजारच्या बाकावर बसून हे सारे प्रथमच ऐकत असेल. पेन्शनचा निर्णय ती परतीच्या वाटेवर घेईल.