स्पायर म्हणजे शिखर, कळस की मनोरा?

विचारणा

मुंबईतल्या जुन्या इमारतींवरचा एक मजकूर मराठीत आणते आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चपाशी अडकले. पहिल्या अफगाण युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८मध्ये उपासनेसाठी खुलं झालं, पण त्याचं स्पायर, म्हणजे माथ्यावरचं निमुळतं टोक, पुरं व्हायला १८६५ उजाडलं. मूळ मजकुरात 'टॉवर' आणि 'स्पायर' हे शब्द लागोपाठ येतात. टॉवरला मनोरा लिहून टाकला की स्पायरला उरतं काय? कोशांत शिखर, कळस, मनोरा, सुळका सगळं एका ओळीत बसवलेलं सापडतं. आणि मुळात हा शब्द आला कुठून? 'अ‍ॅस्पायर', 'इन्स्पायर'चा हा भाऊबंद का? वर जाण्याची आस वगैरे?

प्रतिसाद

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे. भाऊबंद नाही, नुसता आडनावबंधू.

इंग्रजीत स्पायर नावाचे दोन शब्द आहेत. चर्चवरचा स्पायर जुन्या इंग्रजीतल्या 'स्पीर'वरून आला. त्याचा अर्थ कोंब, किंवा गवताचं वर निमुळतं होत गेलेलं पातं. आपल्याकडे ज्वारीच्या पोंग्याकडे बघून जे मनात येईल तेच. हा शब्द शेकडो वर्षं शेतातच होता, चर्चच्या माथ्यावर चढला तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गंमत अशी की सॉल्झबरी कॅथीड्रलचं स्पायर, १२३ मीटर, ब्रिटनमधलं सर्वांत उंच, ते चौदाव्या शतकातलं. म्हणजे वस्तू उभी राहून दोन-अडीचशे वर्षं झाल्यावर तिला हे नाव मिळालं. तोवर लोक 'स्टीपल' म्हणत, आणि स्टीपल म्हणजे मनोरा अधिक स्पायर असा सगळा ऐवज. शब्दाचं शेत अजून पुरतं सुटलेलं नाही. बिअरसाठी बार्लीला मोड आणणारे लोक त्या मोडाला आजही 'अ‍ॅक्रोस्पायर' म्हणतात.

दुसरा स्पायर ग्रीक 'स्पेइरा'चा, म्हणजे वेटोळ्याचा. शंखाच्या टोकाकडचे लहान लहान होत गेलेले वेढे म्हणजे त्या शंखाचं स्पायर. 'स्पायरल' याच घरातला. आपण आकाशातल्या त्या आकाराला सर्पिल दीर्घिका म्हणतो, स्क्रूच्या आट्यांना मळसूत्र म्हणतो. चर्चच्या टोकाशी याचा संबंध नाही.

तुम्ही म्हणताय ते 'अ‍ॅस्पायर', 'इन्स्पायर', 'रेस्पिरेशन' लॅटिनमधल्या श्वास घेण्याच्या क्रियापदाचे. 'कॉन्स्पायर' म्हणजे मुळात एका श्वासाने वागणं. 'आजोबा एक्स्पायर झाले' असं आपण सर्रास बोलतो, त्यात प्राण जाणंच आहे. ख, घ, छ, झ यांना इंग्रजीत 'अ‍ॅस्पिरेटेड' म्हणतात आणि संस्कृत व्याकरण महाप्राण. दोन्हीकडे मोजला तो श्वासच. उंचीशी याचं काही देणंघेणं नाही.

प्रतिसाद

मराठी शब्दांबद्दल मी लिहिते. देवळं बघत हिंडायचा नाद आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

शिखर आणि कळस एका ओळीत ठेवणारे कोश इथे दगा देतात. शिखर म्हणजे गाभाऱ्यावर उभा राहिलेला सगळा निमुळता भाग. सिन्नरचं गोंदेश्वर आठवा. भूमिज पद्धतीचं शिखर, इवल्या इवल्या शिखरांच्या रांगा एकीवर एक चढत जातात आणि वर जाताना आवळत जातात. माथ्यावर आमलक, म्हणजे आवळ्यासारख्या शिरा असलेली दगडी चकती, आणि तिच्यावर कळस. कळस हा कलश, घट. त्याला पोट असतं, गळा असतो. स्पायरला पोट नसतं!

क्रियापदं बघा म्हणजे फरक पटेल. शिखर बांधतात, कळस चढवतात. शिखराचं काम पैसे जमतील तसं वर्षानुवर्षं चालतं. कळसाचा मात्र सोहळा होतो, पत्रिकेत 'कलशारोहण' छापतात, गावजेवण घालतात. बहिणाबाईंच्या अभंगातही ज्ञानदेव पाया रचतात आणि 'तुका झालासे कळस'. शिखराचं नाव मध्ये कुठे नाही. तिथे उंची सांगायची नाही, काम पुरं झालं हे सांगायचं आहे. म्हणूनच 'मूर्खपणाचा कळस' म्हणता येतं, यापुढे आता काही उरलं नाही या अर्थाने. 'मूर्खपणाचं शिखर' कोणी म्हणत नाही. यशाला मात्र दोन्ही चालतात.

तेव्हा चर्चच्या स्पायरला कळस लिहू नका. तिथे कळसाच्या जागी क्रूस असतो. स्पायर ते शिखर, क्रूस तो कळस.

प्रतिसाद

ताई, पुस्तकात बरोबर आहे, पण बोलण्यात कोण असं मोजून बोलतं? आमच्या गावी लांबून येताना 'कळस दिसला' म्हणतात तेव्हा दिसतं ते शिखरच. पंढरपुरात दर्शनबारीत उभं राहणं ज्यांना जमत नाही ते कळसाचं दर्शन घेऊन परत फिरतात. त्यांची नजर काय घटावरच थांबते?

आणि शिखर शब्द तरी कुठे जागेवर राहतो! दक्षिणेकडच्या देवळांत गाभाऱ्यावरच्या सगळ्या उठावाला विमान म्हणतात आणि शिखर म्हणजे त्याची फक्त वरची टोपी. कृष्णा ओलांडली की शब्द आक्रसला.

प्रतिसाद

बोलण्यातलं मान्य, पण भाषांतरात घोळ होतो. १५ एप्रिल २०१९ला पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली तेव्हा जे कोसळलं ते छताच्या मध्यावरचं, एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूकने उभारलेलं स्पायर. आतून ओकचं लाकूड, वरून शिशाचा पत्रा. पुढच्या बाजूचे दोन दगडी मनोरे शाबूत राहिले. आता 'नोत्र दामचा मनोरा कोसळला' असं लिहिलं, तर जे वाचलं तेच पडलं असा अर्थ झाला. फ्रेंच लोक त्या भागाला 'फ्लेश' म्हणतात, म्हणजे बाण.

मनोरा हा मुळात अरबी 'मनारा', प्रकाशाची जागा. त्यात निमुळतेपणा नाहीच. मानवी मनोराही वर निमुळता होतो तो गोविंदांच्या सोयीसाठी.

अवांतर: अफगाण चर्चचं स्पायर बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून दुरून दिसावं, अशी सरकारची अपेक्षा होती. मनोऱ्याचा मूळ अर्थ तिथे खरा ठरतो, शब्द चुकला तरी.

प्रतिसाद

सुळक्याचा कोणी विचार केला नाही. निमुळता आहे, टोकदार आहे, शिवाय शूळ आतच बसलाय.

प्रतिसाद

सुळका आपण होऊन असतो, कोणी बांधत नाही. खडा पारशी, लिंगाणा अशा सुळक्यांवर चढणाऱ्यांकडेच तो शब्द राहू द्या.

प्रतिसाद

एका जागी मात्र मी स्पायरला बेलाशक कळस म्हणेन. न्यूयॉर्कची क्रायस्लर बिल्डिंग. १९२९मध्ये प्रतिस्पर्धी इमारत तिच्यापेक्षा वर जाणार अशी चिन्हं होती, तेव्हा यांनी पोलादी स्पायर इमारतीच्या आतच गुपचूप जोडलं आणि ऑक्टोबरात वर सरकवून बसवलं. हे कळस चढवणंच झालं. क्वालालंपूरच्या पेट्रोनास जोडइमारतींनीही शिकागोच्या सिअर्स टॉवरला मागे टाकलं ते स्पायरच्या बळावर. उंची ठरवणाऱ्या परिषदेने स्पायर मोजलं, सिअर्सच्या अँटेना मोजल्या नाहीत. अशा ठिकाणी शिखर म्हणायला जीभ वळत नाही. खाली गाभारा नाही, कार्यालयं आहेत.

प्रतिसाद

चर्चला शिखर कसं म्हणावं, असा संकोच कोणाला असेल तर पुण्याचं उदाहरण घ्या. कॅम्पातलं १८६७चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ओहेल डेव्हिड. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, वर टोक. पुणेकरांनी त्याला सरळ 'लाल देऊळ' केलं. आपल्या कोकणातल्या ज्यूंनी, बेने इस्रायलांनी तर प्रार्थनास्थळाला मशीद शब्द वापरला. मंडळी इतकी मोकळी असताना शिखरावर कसली अडवणूक?

विचारणा करणारी

आभार. वाक्य असं केलं: 'मनोरा आणि त्यावरचं निमुळतं शिखर १८६५मध्ये पूर्ण झालं; दोन्ही मिळून उंची १९८ फूट.' कळस टाळला. त्याच मजकुरात पुढे राजाबाई टॉवर येतो, तिथे टॉवर तसाच राहू देऊ का?

प्रतिसाद

राहू द्या. राजाबाई मनोरा म्हणालात तर टॅक्सीवाला भलतीकडेच नेऊन सोडेल.