मदत हवी आहे: अकरावीला एपी (म्हणजे कॉलेजच्या लेव्हलची) केमिस्ट्री की साधं फिजिक्स?

नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात असतो, मुलगी दहावीत आहे आणि पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म या आठवड्यात द्यायचाय. एपी यूएस हिस्ट्री ती घेणारच, घोडं अडलंय ते एपी केमिस्ट्रीवर, कारण यंदा ऑनर्स केमिस्ट्रीलाच कसाबसा बी आलाय, रात्री उशिरापर्यंत होमवर्क चालू असतो आणि भरतनाट्यम तिला अजिबात सोडायचं नाहीये (मलाही वाटतं सोडू नये).

यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) हिशोबात एपीचा बी म्हणजे 4 पॉइंट आणि रेग्युलरचा ए पण 4च, शिवाय एपीचे हे एक्स्ट्रा पॉइंट 8 सेमिस्टरपुरतेच धरतात, मग नुसतं जीपीए (ग्रेडची सरासरी) बघितलं तर एवढा जीव काढायचा कशाला? पण काउन्सेलर म्हणते शाळेत अवघड विषय असताना घेतले का हेही बघतात, आणि यूसीवाले एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) तर बघतच नाहीत. नवरा म्हणतो घेऊ दे, आम्ही नाही का बारावीला पीसीएमबी केलं! आता याला काय बोलणार.

एपी केमिस्ट्री न घेता यूसी डेव्हिस किंवा सॅन डिएगोला बायोलॉजीला कोणाच्या मुलांना मिळालंय का? आणि घेऊन मध्येच सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या ग्रेडच्या रेकॉर्डवर) काय दिसतं? प्लीज सांगा.