जुना फ्लॅट विकताना कोणती कामं केलीत, कोणती मुद्दाम सोडलीत?

आईचा कोथरूडचा फ्लॅट विकायचा ठरलाय. इमारत १९९१ची, तीन मजली, लिफ्ट नाही. मामा म्हणतो, बाथरूमच्या टाइल्स बदला, किचनला ट्रॉल्या करा, मगच दाखवायला काढा. मला वाटतं, घेणारा त्याच्या आवडीचं करणारच आहे, मग आपण फोडाफोड कशाला करायची? पण बेडरूमच्या भिंतीला बाथरूमच्या बाजूने ओल आलीये, ती झाकून घर दाखवणं पटत नाही. ज्यांनी घर विकलंय किंवा जुनं घेतलंय, त्यांनी सविस्तर लिहा. घासाघीस नेमकी कशावर झाली, तेही सांगा.

डोंबिवलीहून

आमच्या शेजाऱ्यांनी विकायच्या तोंडावर नवं मॉड्युलर किचन केलं. नवीन मंडळींनी राहायला यायच्या आधीच ते काढलं, ओट्यासकट. त्यांना ओटा खिडकीखाली हवा होता. ते बघून आम्ही किचनला हात लावला नाही. गळके नळ, फ्लश, बंद पडलेली बटणं आणि बाल्कनीचं घासणारं दार, एवढंच केलं. शिवाय सामानाचे पोटमाळे रिकामे केले, त्याने खोल्या खरंच मोठ्या दिसायला लागल्या.

बांधकामातला माणूस

ओल सोडू नका, पण आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीला, बोळा घालून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी २४ तास भरून ठेवा. पाणी उतरलं आणि भिंत जास्त भिजली, तर जमिनीचे सांधे किंवा ट्रॅप. बाथरूम कोरडं ठेवूनही ओल वाढत असेल, तर भिंतीतला पाइप. दुरुस्तीनंतर भिंत पुरती वाळू द्या. ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की मिठासारखा पांढरा क्षार फुलतो आणि रंगाचे पोपडे निघतात.

स्लॅबला हातोडीने हलकं ठोकून बघा. बदबद आवाज आला किंवा गंजाचे डाग दिसले, तर आतली सळई फुगून काँक्रीट ढकलतेय. त्यावर प्लास्टर मारून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याशी खेळणं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) ५ वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे ३ वर्षांतून एकदा व्हायला हवं. तुमच्या इमारतीची तिशी उलटलीये. सोसायटीकडे अहवाल मागा.

ठाणे, सर्वात वरचा मजला

गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून खराब झालेलं छताचं प्लास्टर ही उपविधींप्रमाणे सोसायटीची जबाबदारी. म्हणून आम्ही खिशातून खर्च केला नाही. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि बघायला येणाऱ्यांना डाग आणि पोच दोन्ही दाखवलं.

घेणाऱ्याच्या बाजूने

एका घरात सगळ्या भिंती जुन्या क्रीम रंगाच्या, एकच नवीकोरी. कारण विचारलं तर उत्तर नाही. तिथूनच परत फिरलो. जे घर घेतलं, तिथे टाइल्स तडकलेल्या, खिडक्या जुन्या. पण विकणाऱ्या काकांनी स्वतः भिंत कुठे भिजायची ते दाखवलं, प्लंबरचं बिल हातात दिलं. घासाघीस फक्त खिडक्यांवर झाली.

मुलुंड

रिडेव्हलपमेंटचं, म्हणजे इमारत पाडून नवी बांधायचं, बोलणं चालू असेल तर आतल्या सजावटीवर एक रुपयाही घालू नका. घेणारा चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, मोजतो.

नाशिक

विक्रीवरचा कर काढताना रंग, नळदुरुस्ती असला खर्च वजा होत नाही. घरात कायमची भर घालणारं काम धरता येतं, पण बिलं हवीत. १९९१चा फ्लॅट म्हणजे १ एप्रिल २००१चं बाजारमूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, त्याआधीची सुधारणा मग वेगळी धरत नाहीत. सीएला आधीच भेटा.

राजापूरकडचं घर

कोकणातलं गणित वेगळं. आजोळचं घर विकताना घरातली जमीन, रंग, मोरी, सगळं सोडलं. शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून घेणं, मात्र दरवर्षी केली. भावंडांचं म्हणणं होतं, घेणारा जागेसाठीच येणार, कौलांवर खर्च कशाला? पण कौल फुटलं की आधी कौलांखालच्या लाकडी रिपा कुजतात, मग त्यांना धरणारे वासे, मग जांभ्या दगडाची भिंत भिजते. वारसनोंदीत वेळ गेला, मध्ये पावसाळेही गेले. वासे कोरडे राहिले म्हणून जागेबरोबर घराचेही पैसे आले.