मदत हवी आहे: मागच्या चाकाचा टीपीएमएस (टायरमधला दाब स्क्रीनवर दाखवणारा) सेन्सर रोज ४ पीएसआय खातोय, शनिवारी निघायचंय

दोनचाकी (मंगळवार, रात्री १०.४०)
मागचा सेन्सर डोकं खातोय. रात्री स्क्रीनवर ३२ येईपर्यंत हवा भरतो, सकाळी २८. हातातल्या गेजवर तेव्हाच ३०. म्हणजे खरं काय समजायचं? शिवाय चालवताना मागचा आकडा मधूनच गायब. नुसत्या दोन रेघा, पाच-दहा मिनिटांनी परत हजर. पुढचा झकास चालतोय. सेल नवीन टाकलाय, त्यामुळे "सेल बदला" असे प्रतिसाद कृपया नकोत. शनिवारी पहाटे निघायचंय. नेमकं काय बदलू तेवढं सांगा.

खटपट्या (१०.५२)
कुठली गाडी? सेन्सर बाहेरचा, म्हणजे टोपणासारखा वॉल्व्हवर बसणारा, की रिमच्या आतला? ट्यूब की ट्यूबलेस? यातलं काहीच न सांगता "काय बदलू" विचारलंत तर गाडी बदला एवढंच सांगता येईल.

दोनचाकी (१०.५८)
बाहेरचा हो. ४०० सीसी, अलॉय, ट्यूबलेस, मागचा टायर १५०/६०-१७. याने काय फरक पडतो?

खटपट्या (११.१५)
सगळाच फरक पडतो. आतल्या सेन्सरचा सेल बहुतेक वेळा सीलबंद असतो, तो संपला की टायर उतरवून अख्खा सेन्सर बदलायचा. बाहेरच्याचं गणित उलटं. तो वॉल्व्हवर आवळला की वॉल्व्हची पिन कायमची दाबलेली राहते. म्हणजे पिन हवा अडवत नाही, हवा अडवतो सेन्सरच्या पोटातला रबरी वॉशर. तो चिरलेला असेल तर दाब मोजणारं यंत्रच हवा सोडत बसतं.

तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि तुम्ही त्यांची एकच भेळ केलीय: हवा खरंच जाते का, सेन्सर आणि गेजचा आकडा जुळत का नाही, आणि सिग्नल का तुटतो. तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात. रात्री भरता तेव्हा टायर गार असतो की नुकतेच फिरून आलेले असता?

नायट्रोजन_नाना (११.२१)
साध्या हवेने हे असंच होतं. नायट्रोजन भरा, दाब हलणार नाही.

खटपट्या (११.२९)
नाना, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. गरम झाल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फायदा असलाच तर ओल नसण्याचा, आणि तोही रस्त्यावरच्या गाडीत जाणवण्याइतका नाही. गळका वॉशर नायट्रोजनही तितक्याच प्रेमाने सोडेल.

दोनचाकी (११.३३)
ऑफिसातून आल्यावर भरतो. २२ किमी येणं. घरचा छोटा कॉम्प्रेसर आहे. पुणे.

घाटमाथा (११.५०)
मग चारातले तीन पीएसआय इथेच सापडले. ३० पीएसआयच्या आसपास टायरमधली हवा १० अंशांनी गार झाली की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. २२ किमी चालून आलेला टायर आणि पहाटेचा टायर यांच्यात २० अंशांचा फरक सहज पडतो. नियम एकच: सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना भरा. गाडीच्या स्टिकरवर छापलेला दाब गार टायरचाच असतो. तुम्ही रोज गरम टायरमध्ये ३२ भरून गार टायरमध्ये ३२ शोधताय.

गेज ३० आणि सेन्सर २८ याचंही उत्तर आहे. हातातलं गेज टायरमधला दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब यांच्यातला फरक दाखवतं. बरेच सेन्सर मात्र एकूण दाब मोजतात आणि त्यातून समुद्रसपाटीचे ठरलेले १४.७ वजा करून टाकतात. पुणे ५६० मीटरवर. इथे बाहेरचा दाब जेमतेम १३.७५, म्हणजे असा सेन्सर पुण्यात बसल्याजागी जवळपास १ पीएसआय कमी दाखवणार. महाबळेश्वरला सव्वादोन कमी. उरलेला एक सेन्सरच्या चुकीत गेला, दीड पीएसआय इकडेतिकडे असे सेन्सर सर्रास असतात.

कुठे निघालाय ते सांगितलं नाहीत.

दोनचाकी (बुधवार, सकाळी ७.१०)
लेह. त्याचा काय संबंध?

घाटमाथा (७.४५)
त्याचाच संबंध! पुण्यात २८ अंशांना गेजवर ३२ भरून निघालात असं धरा. लेह ३५०० मीटरवर, बाहेरचा दाब साडेनऊ पीएसआय. सकाळी १० अंश असतील तर गेज दाखवेल ३३.५ आणि तुमचा सेन्सर २८. हवा कणभरही गेलेली नसेल. माणूस घाबरतो, पंप काढतो, स्क्रीनवर ३२ येईपर्यंत भरतो, आणि प्रत्यक्षात ३७ पीएसआयचा दगड घेऊन खडीवर उतरतो. वर गेल्यावर हवा भरायची ती गेजवर. सेन्सर फक्त अचानक घसरण कळण्यापुरता. खालचा अलार्म २५ वर आणून ठेवा, नाहीतर प्रत्येक मुक्कामी पहाटे कोंबड्याआधी तोच आरवेल.

सगळेच सेन्सर असे नसतात. काही स्क्रीनमध्ये वायुदाब मोजून दुरुस्ती केलेली असते. तुमचा कुठला ते त्याच गेजने, त्याच गार टायरवर, वेगवेगळ्या उंचीवर ताडून कळेल. घाट चढताना फरक वाढत गेला की समजा ठरलेला आकडा वजा करणारा.

सह्यकडा (८.०५)
लेहजवळची खारदुंग ला खिंड १८३८० फूट आहे, तिथे तर अजूनच गंमत.

घाटमाथा (८.१२)
१८३८० जुन्या पाटीवर. प्रत्यक्ष ५३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास.

सह्यकडा (८.१६)
पाटीसमोर फोटो काढला की पाटीवरचंच खरं :)

वायरमन (९.३०)
सिग्नलचं कुणीच बोलेना. हँडलवर यूएसबी चार्जर आहे ना? असणारच. हे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर अगदी क्षीण सिग्नल टाकतात. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं स्वस्त सर्किट स्क्रीनला चिकटून बसवलं की त्याच्या गोंगाटात मागच्या चाकाचा आवाज बुडतो. मागचाच, कारण तो लांब आणि मध्ये इंजिन, टाकी, वर अॅल्युमिनियमच्या पेट्या असतील तर त्याही. स्वस्त एलईडी फॉगलॅम्पमधली सर्किटंही हेच करतात. चार्जर आणि दिवे दोन्ही बंद करून अर्धा तास चालवा. रेघा आल्या नाहीत तर स्क्रीन चार्जरपासून वीतभर लांब न्या आणि वायरवर फेराइटची कडी (गोंगाट अडवणारी) चढवा.

खटपट्या (९.४१)
वायरमनना दर धाग्यात यूएसबी चार्जर दिसतो. पुढचा अखंड येतोय आणि मागचा खड्ड्यांच्या रस्त्यावर जातोय की सपाट रस्त्यावरही, हे आधी विचारा.

वायरमन (९.४४)
दर धाग्यात दिसतो कारण दर गाडीवर असतो.

दोनचाकी (दुपारी १.२०)
चार्जर आहे. बंद करून आलो, तरी दोनदा रेघा. आता आठवलं तर खराब रस्त्यावरच जास्त होतं. फॉगलॅम्प नाहीत.

खटपट्या (१.३३)
सेलवर छापलेला नंबर वाचून सांगा. विकत घेतलेल्या पाकिटावरचा नको, आत बसवलेल्या सेलवरचा. आणि पुढच्यात कुठला आहे तेही.

दोनचाकी (१.३५)
सेल नवीन आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.

खटपट्या (१.३६)
नंबर.

दोनचाकी (रात्री ८.५०)
मागे सीआर १६२०. पुढे जुनाच, सीआर १६३२. दुकानदार म्हणाला दोन्ही एकच, मापही सारखंच. थोडा सैल वाटला म्हणून मागे चॉकलेटच्या चांदीची घडी सारली होती.

खटपट्या (९.०४)
झालं! नंबरातच माप लिहिलेलं असतं: पहिले दोन आकडे व्यास, १६ मिमी, पुढचे दोन जाडी. १६३२ म्हणजे ३.२ मिमी, १६२० म्हणजे २ मिमी. वरून बघाल तर जुळे भाऊ, पण १.२ मिमीची फट राहते. खड्ड्यात सेल उडतो, संपर्क तुटतो, सेन्सर बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्यात १६२० ची क्षमता जवळपास अर्धी. चांदी आधी काढा. ती सरकून सेलच्या कडेला आणि पत्र्याला एकदम लागली की सेल शॉर्ट होऊन एका दिवसात झोपतो.

नवा १६३२ घ्या, बंद पाकिटातला, छापील मुदत बघून. दुकानातच मल्टिमीटर लावला तर ३.२ च्या पुढेमागे दिसायला हवा, ३.० च्या खाली असेल तर परत करा. सपाट बाजू बोटांनी चोळू नका, कडेने धरा. प्लसची बाजू कुठे ते जुना काढताना बघून ठेवा. आतली पितळी पट्टी चांदीच्या घडीने दबली असेल, ती टाचणीने केसभर वर उचला, जास्त वाकवली तर मोडते. झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) कोरड्या कापडाने पुसून सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा. पेट्रोलियमवालं ग्रीस नको, काही रबरं त्याने फुगतात. पावसाळ्यात पाणी शिरतं ते ओ-रिंग पीळ खाऊन बसली की. सेन्सरची ओळख त्याच्या चिपमध्ये असते, त्यामुळे सेल बदलल्यावर सहसा पुन्हा जोडणी करावी लागत नाही.

वायरमन (९.१०)
तरी चार्जर लांब नेलेला बरा.

वॉल्व्हतज्ज्ञ (९.३५)
न विचारलेलं सांगतो, पण लेहला जाताय म्हणून सांगतोच. वॉल्व्ह रबरी आहे की धातूचा? दहा ग्रॅमचा सेन्सर ताशी १०० किमीला मागच्या चाकावर जवळपास दीड किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. चाक थांबलं की सुटतो, पळालं की पुन्हा. रबरी वॉल्व्ह मुळाशी वाकत राहतो आणि रिमच्या भोकापाशी चिरतो. तो फाटला तर हवा हळूहळू जात नाही, सेकंदांत जाते. अंगठ्याने वॉल्व्ह चारही बाजूंना वाकवून मुळाशी टॉर्चचा उजेड मारा. भेगा दिसल्या तर तो वॉल्व्ह बाद.

धातूचा घ्यायचा तर भोक मोजून घ्या. ८.३ आणि ११.३ मिमी ही दोन मापं सर्रास मिळतात, आणि अंदाजाने आणलेला हमखास दुसऱ्या मापाचा निघतो. नट पाकिटावर दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर). जोर काढून आवळला की रबर फुगून बाहेर येतं आणि तिथूनच गळतं. ९० अंशाचा वॉल्व्ह बसवलात तर सेन्सर लावून चाक हाताने पूर्ण फिरवा, ब्रेकचं कॅलिपर, डिस्क, चेन कशाला घासत नाही ना बघा.

सह्यकडा (९.४८)
पण सेन्सरने चाकाचं बॅलन्स नाही का बिघडत?

वॉल्व्हतज्ज्ञ (९.५५)
मागे कळत नाही. पुढे १०० च्या वर हँडलला बारीक थरथर येऊ शकते. सेन्सर लावूनच बॅलन्सिंग करून घ्या, विषय संपला.

पंक्चरमुक्त (१०.०२)
टायरमध्ये पंक्चरचं जेल टाका, मग ना हवा जाईल ना सेन्सर लागेल.

खटपट्या (१०.०८)
कृपा करून नको. पिन दाबलेली असते, तिथून जेल थेट सेन्सरच्या भोकात येतं आणि वाळून बसतं. मग स्क्रीन महिनाभर एकच आकडा दाखवते आणि आपण खूश. टाकलंच असेल तर सेन्सर काढताना वॉल्व्ह घड्याळातल्या बाराच्या जागी आणा, म्हणजे जेल खाली साचलेलं राहील.

दोनचाकी, उद्याचं काम. सकाळी गार टायरमध्ये गेजवर ३२ भरा. सेन्सर लावू नका, साधं टोपण लावा. सेन्सरशिवाय हवा जाते का हे कळायला एक रात्र गेली पाहिजे. हाताशी दोनच रात्री आहेत, म्हणून साबणाचं पाणी आजच करा: कपभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब. सेन्सर लावलेल्या वॉल्व्हवर ब्रशने फेस लावून पाच मिनिटं बसा. फुगे सेन्सर आणि वॉल्व्हच्या सांध्यातून आले तर वॉशर. मुळाशी आले तर वॉल्व्ह. सेन्सर काढल्यावर वॉल्व्हच्या तोंडातून आले तर पिन सैल, ती पिनच्या पान्याने बसवा.

दोनचाकी (गुरुवार, रात्री १०.१५)
हिशोब देतो. फुगे सांध्यातून. सेन्सर काढला तर आतल्या वॉशरवर गोल चीर, वॉल्व्हच्या तोंडाचा ठसाच उमटलाय. मागच्या महिन्यात गळतो वाटलं म्हणून पकडीने आवळला होता. सकाळी सेन्सर काढून टोपण लावलं होतं, रात्री गार टायरवर गेज ३२ चं ३२. पाकिटात दोन वॉशर जादा होते, एक बसवला, आता फेस शांत. १६३२ टाकला, ४० किमी खड्ड्यांतून फिरलो, रेघ नाही. गेज आणि सेन्सरमध्ये दीडचा फरक उरलाय, तो घाटमाथांच्या खात्यावर. वॉल्व्ह रबरी आहे, मुळाशी वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात. उद्या धातूचा टाकतो. पंक्चरवाल्याला काही सांगायचं का?

वॉल्व्हतज्ज्ञ (१०.३०)
सेन्सर आधी काढून खिशात ठेवा, पंक्चरवाल्याच्या हातात देऊ नका. पुढचाही वॉल्व्ह बदला, वय दोघांचं एकच आहे. सेन्सर हाताने आवळायचा, पकड नाही. हिस्स आवाज थांबला की अजून पाव फेरा, बस. पितळी वॉल्व्ह आणि अॅल्युमिनियमचा नट पावसात एकमेकांना धरून बसतात, कोकणात तर खारट हवेने महिन्यातच. दर महिन्याला काढून आटे पुसा.

खटपट्या (१०.३८)
आणि सेन्सर चोरीला जाऊ नये म्हणूनचा पातळ नट लावला असेल तर त्याचा प्लास्टिकचा पाना कपाटात नको, टूलकिटमध्ये. वर पंक्चर झालं आणि तो पाना पुण्यात असेल तर सेन्सर निघत नाही, आणि सेन्सर निघाल्याशिवाय हवा भरता येत नाही. मी तर म्हणेन या फेरीला तो नटच काढून ठेवा. बरोबर दोन पिना, पिनचा पाना, उरलेला वॉशर, एक १६३२ आणि दोन साधी टोपणं. सेन्सर रुसला तर टोपण लावून पुढे चला.

दोनचाकी (१०.४१)
पाना कपाटातच आहे. काढतो.