गिटार वाजवणाऱ्याने सहा तारांचा बँजो घ्यावा का?

फिंगरस्टाइल_पुणे

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं अकूस्टिक गिटार वाजवतोय, साथ पण आणि सोलो पण. आमच्या ग्रुपमधे दोन गिटार, एक कहोन (बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) आणि गाणारी असा मामला आहे, आणि दोन गिटार सारख्या एकमेकींच्या अंगावर येतात, कितीही कॅपो (मानेवरचा चिमटा) लावून वेगळे शेप घेतले तरी ऐकणाऱ्याला एकच मोठी गिटार वाजतेय असं वाटतं. म्हणून मला माझ्या बाजूने आवाजच बदलायचाय. सहा तारांच्या बँजोबद्दल वाचलं (आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नाही, गोल तोंडाचा अमेरिकन बँजो), ट्यूनिंग गिटारचंच, ई ए डी जी बी ई, म्हणजे कॉर्ड सगळे तेच. भाचा दिवाळीला अमेरिकेतून येतोय, त्याला डीअरिंगचा गुडटाइम सिक्स नाहीतर गोल्ड टोनचा एखादा आणायला सांगू का? की सरळ पाच तारांचा घेऊन पहिल्यापासून शिकू? ज्यांनी खरंच वाजवलाय त्यांनी सांगा प्लीज.

रॅलेकर

मी नॉर्थ कॅरोलिनात असतो, पाच तारांचा वाजवतो आणि घरात सहा तारांचा पण आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो. तुमच्या डोक्यात जर ब्लूग्रासचा (अमेरिकन लोकसंगीताचा एक वेगवान प्रकार) तो टणटणीत धावता आवाज असेल तर सहा तारांवर तो आपोआप येणार नाही, आणि कारण डाव्या हातात नाही, उजव्या हातात आहे. पाच तारांच्या बँजोत पाचवी तार आखूड असते, मानेवरच्या पाचव्या पडद्यापासून (फ्रेटपासून) सुरू होते आणि सगळ्यात वरच्या स्वरात, म्हणजे वरच्या जी मधे लावलेली असते, पण बसते मात्र अंगठ्याखाली. त्यामुळे अंगठा, तर्जनी, मधलं बोट असा रोल फिरवला की अंगठ्याखालून दर वेळी तो वरचा जी उडतो आणि चाल त्याच्याभोवती विणली जाते. सहा तारांवर अंगठ्याखाली काय येतं तर जाडी ई आणि ए, म्हणजे बरोब्बर उलटं. तोच रोल वाजवला तरी खाली नुसतं धब धब होतं.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. पाचवी ए तार काढायची, तिच्या जागी बारा तारांच्या गिटारच्या सेटमधली ऑक्टेव्हची (एक सप्तक वरची) बारीक जी तार लावायची, पहिली तार ई वरून डी ला उतरवायची आणि सहावी काढून टाकायची. झालं, पाच तारांच्या बँजोचं ओपन जी ट्यूनिंग तुमच्या हातात. फक्त नटमधली (मानेच्या टोकाच्या पट्टीतली) ए ची खाच त्या बारीक तारेला रुंद पडते, तार आत हलते आणि खरखर येते, ती बघून घ्या.

इथल्या ब्लूग्रास जॅममधे मात्र लोकांना पाच तारांचाच बँजो अपेक्षित असतो, ते स्पष्ट सांगतो. पण तुम्हाला जॅममधे बसायचं नाहीये, ग्रुपमधे दुसऱ्या गिटारपासून सुटायचंय, आणि त्यासाठी हा मस्त आहे. टेलर स्विफ्ट आणि कीथ अर्बन दोघांनीही सहा तारांचा वापरलाय, तेव्हा कोणी कमी लेखलं तर मनावर घेऊ नका.

माइकसमोर

कोल्हापूरला छोटा स्टुडिओ आहे माझा, दोनेक गाण्यांत हे वाद्य रेकॉर्ड केलंय. फिंगरस्टाइल दादा, तुमचा प्रॉब्लेम हा सोडवेल पण गिटारसारखे सहाच्या सहा तारांचे स्ट्रम मारलेत तर नाही सोडवणार!! बँजोचा स्वर ठणकन उठतो आणि लगेच मरतो, वरच्या तारांना हे शोभतं, खालच्या दोन जाड तारा मात्र बँजोच्या तोंडावर ताणलेल्या त्या पातळ पडद्यावर नुसत्या घुमतात आणि गाणारीच्या आवाजाखाली गढूळ करून ठेवतात. म्हणून वरच्या तीन-चार तारांत राहा, छोटे कॉर्ड, दहाव्या-बाराव्या पडद्याकडे सुद्धा जा, खालचं सगळं त्या दुसऱ्या गिटारला देऊन टाका. गिटारवर एक कॉर्ड मारून चार मात्रा सोडून देता येतात तसं इथे चालत नाही, जागा भरायची असेल तर वाजवतच राहावं लागतं, म्हणून रोल आणि आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवणं) शिकणं आलंच. माझं मत विचाराल तर हे वाद्य गिटारिस्टला हात आवरायला शिकवतं आणि तेवढ्यासाठीसुद्धा घ्यावं.

घेण्याआधी एक करून बघा. तुमच्याच गिटारवर खालच्या चारही तारा, ई ए डी जी, काढून त्याच स्वरांच्या पण एक सप्तक वरच्या बारीक तारा लावा, नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात, बारा तारांच्या सेटमधनंच निघतात. बँजो नाही होणार तो, पण दोन गिटार वेगळ्या झाल्या की ग्रुप कसा वाजतो ते ऐकू येईल आणि कदाचित तिथेच काम भागेल.

शेलॅकप्रेमी

सगळे ब्लूग्रासवरच बोलतायत म्हणून लिहितेय. सहा तारांचा बँजो ही आजकालची सोय नाहीये हो, त्याला स्वतःचा शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो ब्लूग्रासच्याही आधीचा आहे. १९२० च्या दशकात जॅझ बॅंडमधे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन वाजत असताना गिटार ऐकूच यायची नाही, आणि रेकॉर्डिंगही बराच काळ भोंग्यात आवाज गोळा करूनच व्हायचं, तिथे बँजोची ती टोकदार ठसठशीत लय बरोबर पोचायची. लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या जॅझ बॅंडचं पहिलं रेकॉर्डिंग १९२५ मधे शिकागोला झालं, त्यात ड्रम नाहीत आणि बास पण नाही, सगळी लय पियानो आणि जॉनी सेंट सिरच्या बँजोवर उभी आहे, आणि तो गिटारच्या ट्यूनिंगचा सहा तारांचाच बँजो वाजवायचा. पापा चार्ली जॅक्सनने १९२४ पासून पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी ब्लूज रेकॉर्ड केले ते याच वाद्यावर, एकटा माणूस, गाणं आणि बँजो, बस्स. गिटारिस्ट जँगो राइनहार्ट लहानपणी यावरच शिकला आणि १९२८ ची त्याची पहिली रेकॉर्डिंग्ज सुद्धा अकॉर्डियनमागे बँजोची साथ अशीच आहेत.

म्हणून माझं म्हणणं, पाच तारांची नक्कल करायच्या मागेच लागू नका. सेंट सिर लक्ष देऊन ऐका, चार ठोके सरळ, पण प्रत्येक ठोक्यावर डाव्या हाताची पकड सैल करून स्वर तोडलेला. कहोनबरोबर हे इतकं छान बसेल ना!

फिंगरस्टाइल_पुणे

खूप खूप आभार सगळ्यांचे. ताई, ती रेकॉर्डिंग्ज काल रात्री ऐकली, ठोका तोडायचा म्हणजे काय ते लगेच कळलं, गिटारवर करून पण बघितलं. भाच्याला बहुतेक सांगणारच आता. आल्यावर सेटअप कसा करायचा? इकडे बँजोला हात लावणारं कोणी सापडत नाहीये.

रॅलेकर

स्वतःच कराल, अवघड काही नाही. ब्रिज (तारांखालची घोडी) चिकटवलेला नसतो, तारांच्या ताणावर नुसता उभा असतो, म्हणून तारा बदलताना एकेक बदला, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज आडवा. त्याची जागा ठरवायची तर मानेवरच्या बाराव्या पडद्यावरचं हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ताडून बघा, दाबलेला चढा लागला तर ब्रिज थोडा मागे टेलपीसकडे (तारा जिथे अडकवतात तिकडे), उतरता लागला तर पुढे. मग तोंडावरचा पडदा. हा पडदा प्लॅस्टिकचा असतो, पुण्याच्या पावसाने चामड्यासारखा सैल पडणार नाही. ढिला असेल तर आवाज फदफदतो आणि ब्रिजखाली खड्डा दिसतो. पडद्याच्या कडेचे सगळीकडचे नट थोडे थोडे, समोरासमोरच्या जोड्या घेत आवळा, एकाच बाजूने आवळत गेलात तर पडदा वाकडा बसेल. टिचकी मारून साधारण जी किंवा जी शार्प ऐकू आला की थांबा.

तारा हलक्या लावा, गिटारचा बारा-त्रेपन्नचा जाड सेट नको, मान आणि ब्रिज दोघांवर उगाच ताण येतो. आणि हलक्या तारा म्हणून डावा हात पण हलका ठेवा, गिटारच्या सवयीने घट्ट दाबलं की स्वर चढतो.

मॉडेल विचाराल तर पहिला ओपन बॅकच (मागून उघडा) घ्या. मागे रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारी तबकडी) आणि आत धातूची टोन रिंग (कडं) असलेले जड असतात, उभ्याने वाजवताना खांदा भरून येतो, शिवाय फ्लॅटमधे शेजारी दार वाजवतील. ओपन बॅकच्या आत मागून एक मऊ फडकं कोंबलं की रात्री रियाज करता येतो. भाच्याला सांगा, विमानात द्यायच्या आधी तारा सैल करायच्या आणि टेलपीसखाली कापड घालायचं म्हणजे ब्रिज पडला तरी पडद्याला ओरखडा नाही. आणि नट आवळायची चावी त्याच बॅगेत टाकायला लावा, त्या मापाची इकडे शोधत बसाल.